मागच्या पानावर जाता आलं पाहिजे

संगणकाला नवा प्रिंटर जोडताना किंवा एखादा प्रोग्राम बसवताना जी खिडकी एकेक प्रश्न विचारत आपल्याला पुढे नेते, तिच्याबद्दल मी आज बोलणार आहे. तिला विझर्ड म्हणतात. आपल्यापैकी बहुतेकांनी ती 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करत ओलांडलेली असेल. समोर प्रोग्रामिंग शिकणारी बरीच मुलं-मुली दिसताहेत, म्हणून ती बांधतात कशी याच्या तपशिलात मी शिरणार आहे. बाकीच्यांनी वापरणाऱ्याच्या बाजूने ऐकावं.

इतिहास थोडक्यात सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या पब्लिशरमध्ये १९९१ साली 'पेज विझर्ड' आले आणि विंडोज ९५ने ही पद्धत घराघरांत पोचवली. पुढे 'विझर्ड ९७' ही ठरीव शैली आली: आधी स्वागताचं पान, शेवटी समारोपाचं, डाव्या बाजूला मोठं चित्र. विंडोज व्हिस्टाच्या वेळी मायक्रोसॉफ्टनेच ते स्वागताचं पान काढून टाकलं आणि बॅकचं बटण वरच्या डाव्या कोपऱ्यात नेलं. स्वागताचं पान गेलं हे फार चांगलं झालं. काम करायला आलेल्या माणसाचा त्यात एक क्लिक फुकट जात होता.

माझं म्हणणं असं आहे की विझर्डची खरी परीक्षा नेक्स्टवर होत नाही, बॅकवर होते. माणूस एकेका प्रश्नाचं उत्तर निर्धास्तपणे देतो, कारण शेवटचं बटण दाबेपर्यंत काहीही घडणार नाही असं त्याने गृहीत धरलेलं असतं. हे गृहीत खरं ठरवणं ही प्रोग्राम लिहिणाऱ्याची जबाबदारी. दुसऱ्या पानावर नेक्स्ट दाबताच फोल्डर तयार केलं, तिसऱ्यावर डेटाबेसमध्ये नोंद केली, की तो विश्वास मोडला. माणूस मागे येऊन फोल्डरचं नाव बदलतो, पण जुनं फोल्डर डिस्कवर तसंच पडून राहतं. शेवटच्या पानापर्यंत सगळं पेन्सिलीने लिहा, शाई एकदाच वापरा.

हे प्रत्यक्षात कसं करायचं? क्यूटी या लायब्ररीचं उदाहरण घेऊ. तिच्या ४.३ आवृत्तीत, २००७ साली, क्यू-विझर्ड हा क्लास आला. त्यात प्रत्येक पान स्वतंत्र असतं आणि पानावरच्या रकान्यांची नावं विझर्डकडे नोंदवता येतात, म्हणजे पुढच्या पानाला मागचं उत्तर विचारता येतं. पान उघडताना इनिशिअलाइझ-पेज हे फंक्शन चालतं, तर नेक्स्ट दाबल्यावर पान सोडण्याआधी व्हॅलिडेट-पेज. आणि माणूस बॅक दाबून एखादं पान सोडतो तेव्हा त्या पानाचं क्लीनअप-पेज चालतं. मूळ व्यवस्थेत ते त्या पानावरचे रकाने पूर्वीच्या किमतींवर नेऊन ठेवतं. ज्या पानांची उत्तरं मागच्या उत्तरांतून निघतात तिथे हे योग्यच आहे. प्रिंटरचा प्रकार बदलला तर आधीच्या प्रकारातलं मॉडेल कसं चालेल? पण पानांचा एकमेकांशी संबंध नसेल, तर पत्ता टाइप करून सहज एक पान मागे गेलेल्या माणसाला परत आल्यावर पत्त्याचा रकाना रिकामा दिसतो. यासाठी 'इंडिपेंडंट पेजेस' असा पर्याय आहे. तो चालू केला की मागे जाताना ही साफसफाई होत नाही. आपली पानं एकमेकांवर अवलंबून आहेत की नाहीत, हा निर्णय कोड लिहिण्याआधी, कागदावर घ्यायचा असतो.

एक खाचखळगा मुलांनी लक्षात ठेवावा. नोंदवताना रकान्याच्या नावापुढे तारांकन (*) लावलं की तो रकाना सक्तीचा होतो आणि भरेपर्यंत नेक्स्ट बंद राहतं. मात्र 'भरला' याचा क्यूटीच्या लेखी अर्थ 'पान उघडलं तेव्हाच्या किमतीपेक्षा वेगळा झाला' असा आहे. प्रतींची संख्या तुम्ही आधीच १ ठेवलीत आणि माणसाला १च हवी असेल, तर त्याचं नेक्स्ट उघडतच नाही, आणि का उघडत नाही हे त्याला कुणी सांगतही नाही. अशा ठिकाणी पान पूर्ण झालं का हे ठरवणारं इज-कम्प्लीट हे फंक्शन स्वतः लिहावं आणि अडलेलं कारण रकान्याशेजारी शब्दांत द्यावं. मराठीत द्यायचं असेल तर ओळीची उंची पिक्सेलमध्ये बांधू नये. वेलांट्या आणि उकार कापले जातात आणि वाचणाऱ्याला अर्धं अक्षर दिसतं. उंची लेआउटला ठरवू द्यावी.

आता शाईचा क्षण. क्यू-विझर्डमध्ये एखादं पान 'कमिट पेज' म्हणून ठरवता येतं. तिथे नेक्स्टच्या जागी कमिट हे बटण येतं आणि पुढच्या पानावरचं बॅक बंद होतं. व्हिस्टासाठीच्या मार्गदर्शनातही मायक्रोसॉफ्टने अशा पानावर नेक्स्टऐवजी नेमक्या कामाचं नाव लिहायला सांगितलं होतं. ही सूचना मला फार मोलाची वाटते. 'डिस्क पुसा' असं लिहिलेल्या बटणावर हात आपोआप थबकतो. 'नेक्स्ट'वर तो सवयीने पुढे जातो.

ग्नोम या डेस्कटॉपच्या जगात हीच व्यवस्था जीटीके या लायब्ररीच्या जीटीके-असिस्टंटमध्ये होती. ती २००६ साली जीटीके २.१०मध्ये आली. प्रस्तावना, मजकूर, खातरजमा, प्रगती आणि सारांश असे पानांचे प्रकारच तिने ठरवून दिले होते. कमिट म्हटलं की ती पाहिलेल्या पानांचा इतिहास पुसायची, बॅक लपवायची आणि पुढच्या पानांवरून कॅन्सलही काढून घ्यायची. जीटीके ४.१०पासून, म्हणजे २०२३पासून, नव्या कामात ती वापरू नये असं ठरलं आहे. आता तिथे पानं एका स्टॅकमध्ये रचून विझर्ड आपणच बांधायचा. बांधणं अवघड नाही. पण पाहिलेल्या पानांची यादी ठेवणं आणि कमिटनंतर परतीचा रस्ता बंद करणं, हे लायब्ररी सांभाळत होती, ते आता तुमच्या हातचं काम आहे. म्हणून विझर्ड तपासायला बसाल तेव्हा सरळ शेवटपर्यंत जाऊन थांबू नका. तिसऱ्या पानावरून पहिल्यावर या, उत्तर बदला, पुन्हा पुढे जा, मध्येच कॅन्सल करा, आणि मग डिस्कवर काय उरलं आहे ते बघा.