आधी तवा, मग शेगडी

सहलीला, मुक्कामाला किंवा पायी वारीला बरोबर नेण्याची शेगडी कशी निवडावी, हा विषय व्याख्यानाला किरकोळ वाटेल. पण लळिंगच्या किल्ल्यावर, पाटणादेवीला, तोरणमाळला कुटुंबं मुक्कामाला जातात. चैत्रात वणीच्या सप्तशृंगीला खानदेशातून हजारो माणसं पायी निघतात. या सगळ्यांना रस्त्यात रांधून खायचं असतं. दुकानात मात्र जी छोटी शेगडी आणि तिच्या जोडीचा पेटीसारखा ओव्हन मिळतो, त्याची घडण आपल्या जेवणासाठी झालेलीच नाही. कॉफीपुरतं पाणी उकळायचं, डब्यातलं सूप गरम करायचं, पाव भाजायचा, एवढ्यासाठी ती झाली आहे. आपल्या लोकांना लागते भाकरी, वरण-बट्टी, भरीत. म्हणून माझं म्हणणं असं की, निवड शेगडीपासून सुरू करूच नये. आपण काय रांधणार आणि कोणत्या भांड्यात, तिथून ती सुरू करावी.

आधी ओव्हनचं बघू, कारण पैसे तिथेच जास्त वाया जातात. ओव्हन म्हणजे पदार्थाला चहूबाजूंनी कोरडी आच देण्याची सोय. ही सोय आपल्याकडे पेटीशिवाय पिढ्यान्‌पिढ्या होत आली. मातीचं खापर चुलीवर पालथं घातलं की त्याच्या तापल्या पाठीवर हातभर रुंदीचा मांडा भाजून निघतो. बट्टीचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. बट्टी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात हे खरं, पण खानदेशातल्या घराघरांत ती आधी उकडतात, मग कापून तुपातेलात तळतात. ज्या पदार्थाला इतर ठिकाणी भट्टी लागते, तो आपल्या बायकांनी एक पातेलं आणि एक कढई यांवर आणून ठेवला. एकाच शेगडीवर, एकामागून एक. मग शेगडी जोडलेल्या ओव्हनचं दहा-पंधरा किलोंचं ओझं कशासाठी वाहायचं? कुणी म्हणेल, मुलांना केक हवा असतो, पाव हवा असतो. तर जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा किंवा वाळूचा थर द्यावा, वर जाळी ठेवावी, घट्ट झाकण घालावं. केक होतो. पाऊण तास गॅस जळतो, हे मान्य. पण पेटीच्या ओव्हनलाही तो जळतोच, आणि पत्र्याची पातळ पेटी उघड्यावर वाऱ्याने सतत थंड होत राहते.

खरा शत्रू वारा आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी राहिली ती तिथल्या वाऱ्याच्या जोरावर. तो वारा शेगडीच्या ज्योतीची गय करत नाही. हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला ७५ किलोकॅलरी उष्णता लागते, आणि एक किलो गॅसमधून सुमारे ११,००० मिळते. निम्मी वाया गेली असं धरलं, तरी लिटरमागे १४ ग्रॅम गॅस पुरतो. उघड्या वाऱ्यात हाच खर्च सहज दुप्पट होतो, आणि भाकरी एका अंगाला करपून दुसऱ्या अंगाला कच्ची राहते. तेव्हा बर्नर खोलगट असावा, भोवती आडोसा असावा, शेगडी बसकी आणि रुंद पायाची असावी. ज्योतही पसरट हवी. मधोमध एकच सुईसारखी ज्योत असेल तर चहा झटपट होतो, पण तव्याच्या मध्यभागी काळा डाग पडतो आणि कडा थंड राहतात.

आता तवा. सुटकेसमधून येणाऱ्या शेगडीत गॅसचा लांबट डबा बर्नरच्या अगदी शेजारी झाकणाखाली बसतो. तिच्यावर भाकरीचा रुंद लोखंडी तवा ठेवला की त्याची कड डब्यावर येते आणि तव्याची धग खाली डब्यावर उतरते. आठ माणसांच्या वीस भाकऱ्या म्हणजे पाऊण तास सलग जाळ. तेवढ्या वेळात डबा तापत जातो, आतला दाब चढत जातो, आणि यातून स्फोट होऊ शकतो. आडोसा करायचा म्हणून अशा शेगडीला चारी बाजूंनी पत्रा लावणंही तितकंच घातक. आणखी एक गोष्ट खास आपल्या हवेची. या डब्यांवर बहुधा लिहिलेलं असतं की ५० अंशांपलीकडे तापू देऊ नका. मे महिन्यात जळगाव-धुळ्यात पारा ४३-४४ वर असताना उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत तो ६० च्या पुढे जातो. देवदर्शनाला जाताना गाडीत डबे ठेवून जाणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. म्हणून कुटुंबासाठी माझी पसंती स्पष्ट आहे: रबरी नळीची, सिलिंडर हातभर लांब ठेवता येईल अशी शेगडी आणि अधिकृत वितरकाकडून घेतलेला पाच किलोचा छोटा सिलिंडर. दोघंतिघं गडावर जाऊन फक्त चहा आणि खिचडी करणार असतील, तर छोटा डबा पुरे. तोरणमाळ साडेतीन हजार फुटांच्या वर आहे. तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा डाळीसाठी छोटा कुकर जरूर न्यावा.

मोठा आक्षेप असा येतो की, तीन दगडांची चूल फुकट असताना हा खटाटोप कशाला? शेतात चूल मांडायला माझी काहीच हरकत नाही. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते वांगं कपाशीच्या काड्यांच्या जाळात भाजून, बडगीत ठेचून, कळण्याच्या भाकरीबरोबर खावं. गॅसवर ती चव येत नाही, आणि येते असं मी म्हणणार नाही. पण शेत वेगळं आणि सातपुड्यातलं, गौताळ्यातलं रान वेगळं. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा महाराष्ट्रात वणव्यांचा हंगाम. सागाची पानं गळून वाळलेली असतात, गवत कोरडं ठक्क असतं. दगडाआड राहिलेला एक निखारा रात्रीच्या वाऱ्याने पुन्हा पेटतो. राखीव वनात विस्तव पेटवण्यावर १९२७ च्या वन कायद्याने बंधन घातलेलं आहे, आणि गॅसची ज्योत हाही विस्तवच. तिथे वनखात्याने नेमून दिलेल्या जागीच रांधावं. शेगडीचा फायदा एवढाच की खटका फिरवला की जाळ संपतो, मागे निखारा राहत नाही.

रेल्वेने जाणाऱ्यांना तर गॅस नेण्याची मुभाच नाही. त्यांनी दशम्या आणि चटणी बांधून घ्यावी. बाकीच्यांना एक विनंती आहे. शेगडी विकत घ्यायला जाल, तेव्हा घरचा भाकरीचा तवा पिशवीत घालून घेऊन जा. दुकानदारासमोर तो शेगडीवर ठेवा. तवा डगमगला किंवा त्याची कड डब्यावर आली, तर ती शेगडी घेऊ नका.