बलाढ्यांच्या चित्रकथा आणि आमचे आळशी परीक्षक



अध्यक्षाने आरंभी स्वतःच्या अपात्रतेची ग्वाही द्यावी, मध्यंतरी यजमानांची तारीफ करावी आणि कोणालाही न दुखविता खाली बसावे, असा आपल्या संमेलनांचा परिपाठ आहे. तो मी आज मोडणार आहे. कारण महाकाय यंत्रमानवांच्या आणि अतिमानवी वीरांच्या ज्या चित्रकथांसाठी आपण येथे जमलो, त्यांच्याविषयी वऱ्हाडात आजवर जो निवाडा झाला तो सारा एकतर्फी झाला असून, तो देणाऱ्या बहुतेकांनी आरोपीचे एक पानही उलटून पाहिलेले नाही.

फिर्याद अशी की, ही पुस्तके असंभाव्य, भडक आणि मुलांची अभिरुची बिघडविणारी आहेत. ही फिर्याद जुनीच आहे, आरोपी तेवढा नवा आहे. 1872 साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल व नाटक यांविषयीचा आपला निबंध लिहून तत्कालीन अद्भुतरम्य कादंबऱ्यांवर असंभाव्यतेचा ठपका ठेवला होता. आणि त्यानंतर चाळीस वर्षांनी, 1912 साली, याच वऱ्हाडातील अकोल्यास साहित्यसंमेलन भरले तेव्हा अध्यक्षपदी विराजमान झाले ते हरि नारायण आपटे, म्हणजे एक कादंबरीकारच. मराठे यांच्या टीकेने कादंबरी मेली नाही. तिच्यापुढे काही प्रश्न उभे राहिले आणि हरिभाऊंसारख्यांनी त्यांना उत्तरे दिली. आमचे आजचे परीक्षक प्रश्न विचारीत नाहीत. मुखपृष्ठावर पोलादी मूठ दिसली की ते कपाटाला कुलूप लावतात.

तथापि माझी तक्रार केवळ या कुलूपबहाद्दरांविरुद्ध नाही. दुसरा पक्ष भक्तांचा आहे, आणि तो मला अधिक घातक वाटतो. आपण बालपणी वाचले म्हणून ते थोर, जुना अंक आज चढ्या दराने विकला जातो म्हणून तो अमोल, आणि ज्याचा नायक अधिक इमारती पाडतो तो ग्रंथ सरस, अशी यांची मापे. अकोल्याच्या कापूसबाजारात गाठीवरचा शिक्का पाहून कोणी भाव ठरवीत नाही. धागा चिमटीत ओढून पाहावा लागतो. तो कसा ओढावा, एवढेच मला आज सांगायचे आहे.

पहिली परीक्षा अशी की, नायकाचे बळ किती हे विचारू नये. त्या बळाला अटकाव कशाचा, हे विचारावे. आपल्या चिखलदऱ्याच्या दरीत भीमाने कीचकाला फेकले अशी आख्यायिका वऱ्हाडात कोणाला ठाऊक नाही? परंतु त्या कथेचा प्राण फेकण्यात नाही. विराटाच्या भरसभेत द्रौपदीला लाथ बसते, हजारो हत्तींचे बळ असलेला भीम ते पाहतो, आणि ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षांचा वनवास, या भयाने आचाऱ्याच्या वेषात दात-ओठ खात गप्प राहतो; त्या मौनात कथा आहे. हेच तत्त्व जपानच्या मित्सुतेरु योकोयामा यांनी 1956 साली ‘तेत्सुजिन 28’ या चित्रकथेत पोलादात ओतले. युद्धासाठी घडविलेला तो राक्षस एका लहान मुलाच्या हातातील नियंत्रकपेटीवर चालतो, आणि पेटी ज्याच्या हाती पडेल त्याचाच हुकूम मानतो. यंत्राला सदसद्विवेक नाही, म्हणून प्रत्येक पानावर वाचकाचे लक्ष राक्षसापेक्षा पेटीवर खिळते. 1972 साली गो नागाई यांनी ‘माझिंगर झेड’मध्ये मुलाला थेट यंत्राच्या मस्तकातच बसविले, तेव्हा अटकाव बाहेरचा राहिला नाही, तो मुलाच्या अंतःकरणात शिरला. आपल्याकडे हिंदीतून आलेल्या आणि वऱ्हाडच्या पोरांनी मराठीइतक्याच सहजतेने वाचलेल्या चित्रकथांत, अनुपम सिन्हा यांचा 1987 सालचा सुपर कमांडो ध्रुव मला नागराज या अतिमानवी नायकाहून सरस वाटतो तो याच कारणाने. सर्कशीत वाढलेल्या त्या मुलाजवळ दैवी शक्ती नाही, म्हणून प्रत्येक संकटातून सुटण्याची वाट लेखकाला युक्तीने शोधावी लागते. भक्तांनी रागवावे, मी फैसला बदलणार नाही.

दुसरी परीक्षा चित्रकाराची. यंत्रमानव पन्नास हात उंच आहे असे शब्दांत लिहिणे फुकटचे आहे. त्याच्या घोट्याजवळ तारेचा खांब, उलटलेली गाडी आणि मान वर करून पाहणारा एखादा माणूस काढला नाही, तर तो पन्नास हातांचा राक्षस चौकटीत खेळण्याएवढाच दिसतो. तसेच, दोन चौकटींमध्ये जी कोरी पट्टी असते ती जागा वाया गेलेली नसते. एका चौकटीत उगारलेली मूठ आणि पुढच्या चौकटीत उडालेली धूळ असेल, तर मधला आघात वाचक स्वतः करतो. सामान्य चित्रकार तो आघातही रेखाटतो, वर मोठ्या अक्षरांत आवाज लिहितो आणि वाचकाला बेदखल करून टाकतो.

तिसरी परीक्षा न्यायाची, आणि येथे मला अनेकांच्या लाडक्या दैवताला हात घालणे प्राप्त आहे. ली फॉक यांनी 1936 साली निर्माण केलेला आणि 1964 पासून इंद्रजाल कॉमिक्सने भारतात घरोघर पोहोचविलेला वेताळ अमर आहे असे अरण्यवासी मानतात. वस्तुतः मुखवटा बापाकडून लेकाकडे जातो, आणि अमरत्व हे एकवीस पिढ्यांचे वतन ठरते. ही कल्पना अत्यंत सुंदर आहे. पण आफ्रिकेच्या अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या अंमल चालवायला गोराच वतनदार का लागावा, हा प्रश्न वाचकाने विचारू नये काय? त्याच इंद्रजालमध्ये 1976 साली आबिद सुरती यांनी बहादूर आणला. तो डाकूचा मुलगा, सूडाच्या वाटेवरून परतून गावकऱ्यांना स्वसंरक्षणासाठी संघटित करणारा. वेताळाची ऐट त्याच्याजवळ नव्हती. पण गाव स्वतःच्या पायांवर उभे राहते, हा विचार मला वेताळाच्या कवटीच्या गुहेहून मोठा वाटतो.

आता मागणे. ज्या अमरावतीत 1923 साली विदर्भ साहित्य संघाचा जन्म झाला, तेथील टीकाकारांना चित्रकथेचे परीक्षण लिहिणे कमीपणाचे वाटू नये. ग्रंथालयांच्या दप्तरांत लेखकाबरोबर चित्रकाराचेही नाव नोंदवावे, कारण ज्याचे नावच नोंदलेले नाही त्याला कोणी जाब विचारू शकत नाही. शिक्षकांनी जप्त केलेले पुस्तक परत देण्यापूर्वी निदान वाचावे. आणि माझ्या या तीन परीक्षा ज्यांना अमान्य असतील त्यांनी पुढच्या सत्रात उभे राहावे, पुस्तक हातात घ्यावे, पानाचा क्रमांक सांगावा आणि मला खोडून काढावे. न वाचता बोलणाऱ्यास मात्र मी अध्यक्ष या नात्याने बोलू देणार नाही.