हाकेला ओ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. शिक्षणावर मी चार शब्द बोलावे असा आग्रह मंडळाने धरला तेव्हा फार संकोच वाटला. पण ज्याला शाळा लवकर सोडावी लागते त्याला तिची किंमत थोडी अधिक कळते. एवढ्याच अधिकाराने मी आपल्यापुढे उभी आहे.

आज आपल्या घराघरांत मोबाईलवरून शाळा शिरली आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, शाळांना कुलुपे लागली आणि मुले फोन पुढे घेऊन बसली, हे आपण सर्वांनी पाहिले. त्याआधीच, २०१७ साली, केंद्र सरकारने 'दीक्षा' आणि 'स्वयम्' अशी दोन दालने उघडली होती. बालभारतीच्या पुस्तकात चौकोनी ठिपक्यांचे चित्र असते, ते फोनला दाखविले की धडा उघडतो. ती 'दीक्षा'ची करामत. 'स्वयम्'वर कॉलेजातले विषय शिकता येतात. शिकण्याला फी नाही. प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यायची तर तिची फी पडते.

अशा वर्गात विद्यार्थी तरी किती असावेत? २०११ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन शिक्षकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग साऱ्या जगाला खुला केला. नावे नोंदविली सुमारे १ लाख ६० हजार जणांनी. शेवटपर्यंत टिकले ते २० हजारांच्या थोडे वर. बाकीचे कुठे गेले? कित्येक नुसते डोकावयास आले असतील. पण काहींचे काय होत असेल, ते मी आपल्याच आळीत पाहिले आहे.

शेजारच्या एका सूनबाईने बालसंगोपनाचा वर्ग फोनवर धरला. दुपारी भांडी आवरून, बाळ निजले की ती मन लावून ऐके. तिसऱ्या धड्यात काहीतरी अडले. तिने प्रश्न लिहून धाडला. आठ दिवस गेले, पंधरा गेले, उत्तर नाही. मग तिने तो वर्ग सोडला तो सोडलाच. घरात कोणीतरी म्हणाले, "तुझ्याच्याने होणार नव्हतेच." भगिनींनो, ते वाक्य मला फार लागले. तिची समज कुठेच कमी पडली नव्हती. तिच्या हाकेला ओ देणारे कोणी नव्हते.

ज्यांनी 'स्वयम्' रचले त्यांना ही अडचण ठाऊक असावी. त्यांनी प्रत्येक विषयाला चार अंगे ठेवली आहेत. पहिले पाहण्या-ऐकण्याचे व्याख्यान, दुसरे वाचायचे साहित्य, तिसरे आपली आपण घ्यायची चाचणी आणि चौथे शंका विचारण्याची व चर्चेची जागा. पहिली तीन एकदा तयार केली की लाख माणसांना पुरतात. चौथे मात्र रोजचे रोज रांधावे लागते. ते शिळे चालत नाही.

आता हिशेब करा. १० हजार विद्यार्थ्यांनी एकेकच प्रश्न विचारला आणि शिक्षकाने प्रत्येकाला दोन मिनिटे दिली, तरी ३३३ तास होतात. रोज आठ तास बसले तरी चाळीसाहून अधिक दिवस! एका माणसाचे हे काम नव्हे. म्हणून अशा वर्गांत शिक्षकाच्या हाताखाली मदतनीस असतात, आणि विद्यार्थ्यांनी एकमेकांना सांगावे अशी अपेक्षा असते.

ही रीत आपणांस नवी नाही. रोवणीला बांधीत वीस बाया उतरतात. नवी पोर असली तर तिला पऱ्हा कसा धरावा, दोन रोपांत अंतर किती ठेवावे, हे काही बांधावरचा मालक सांगत नाही. शेजारची बाई हाताने दाखविते आणि पोर संध्याकाळपर्यंत ओळीत येते.

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. पुस्तके घरी वाचायची, पण जवळच्या अभ्यासकेंद्रावर जाऊन समंत्रकाला शंका विचारायच्या, अशी व्यवस्था त्यांनी ठेवली. लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या कितीतरी बायांना त्यामुळे पुन्हा पुस्तक हाती धरता आले. दूर राहून शिकतानाही एक ओळखीचा चेहरा लागतो, हे त्यातून दिसते.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. दर गुरुवारी दुपारी तीन ते साडेचार या वेळात मंडळाच्या खोलीत आपण एकत्र बसू. एका वेळी एकच विषय धरू. एक ना धड भाराभर चिंध्या नकोत. धडा सर्वांनी मिळून ऐकायचा आणि जिथे अडेल तिथे थांबवायचा. जिला कळले तिने दुसरीला सांगायचे. कोणालाच नाही कळले तर प्रश्न लिहून धाडायचा. तोही नुसता "समजले नाही" असा नको. कोणता धडा, कुठपर्यंत कळले, नेमके कुठे अडले, हे तीन वाक्यांत लिहावे. म्हणजे उत्तर देणाऱ्याला सोपे जाते.

ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनाही काम आहे. मुले फोनवर शिकून उठली की त्यांना जवळ बसवा आणि म्हणा, "आज काय शिकलास ते मला समजावून सांग." आईला सांगताना मुलालाच आपले कच्चे कुठे आहे ते कळते. त्याला शाळेचा दाखला लागत नाही, अर्धा तास लागतो.

नावांची यादी चिटणीसबाईंकडे ठेविली आहे. त्या सूनबाईने आपले नाव घालायला होकार दिला आहे, आणि तिच्याखाली मी माझे लिहिले आहे. पुढच्या ओळी आपण भराव्यात, एवढे सांगून मी आपली रजा घेते.