घरामागचे अंजीर



‘परसातील फळझाडे’ या विषयावर चार शब्द बोलावे, अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली आहे. शेतकीची पदवी आमच्यापाशी नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरामागील तीन-चार गुंठ्यांत जे लावले व जे पाहिले तेवढेच आम्ही सांगू शकतो. आणि वेळ थोडा असल्यामुळे त्यातील बराचसा अंजिरासच देणार आहो. त्यास कारणही तसेच आहे.

सीताफळाचे डोळे उघडले की ते झाडावरून उतरवून अढीत घालता येते व घरात ते उत्तम पिकते. डाळिंब तोडल्यावर अधिक गोड होत नाही, परंतु कित्येक दिवस टिकते. अंजिराचे दोन्हीकडून नडते. कच्चे तोडले तर ते नीट पिकत नाही. आणि झाडावर पूर्ण पिकू दिले तर एक-दोन दिवसांत आंबू लागते. म्हणून बागवानास ते थोडे अगोदरच उतरवावे लागते. यात त्याचा दोष मुळीच नाही. पुरंदर तालुक्यातील शेतकऱ्यांनी हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत हे पीक नावारूपास आणले व सन २०१६ मध्ये ‘पुरंदर अंजीर’ या नावास भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीसुद्धा मान लववून देठाशी लोंबणारे, सालीस बारीक चिरा पडलेले अंजीर टोपलीत बसून शहरापर्यंत येऊ शकत नाही. ते ज्यास खावयाचे असेल त्याने झाड दारी लावावे, दुसरा उपाय नाही.

क्वचित दृष्टीस पडणाऱ्या मनुष्यास आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. अंजीर हे त्याच उंबराचे भावंड. फुले नसतात असे नव्हे; आपण ज्यास फळ म्हणतो त्याच्या पोटातच ती दडलेली असतात. स्मर्ना जातीच्या अंजिरास एका बारीक माशीकडून परागकण मिळाल्यावाचून फळ धरत नाही. कॅलिफोर्नियात त्या जातीची झाडे हौसेने लावली गेली, परंतु फळे हिरवीच गळत. पुढे १८९९ च्या सुमारास ती माशी तेथे नेऊन वसविली तेव्हा बागा फळल्या. आपल्या पुणे जातीच्या अंजिरास या खटाटोपाची गरज नाही. परसात एकटे एक झाड असले तरी ते फळते.

लागवड अगदी सोपी. पक्व फांदीची बोटाएवढी जाड व वीतभर लांब काडी, दोन-तृतीयांश मातीत पुरून ओलसर ठेवावी. मुळे धरली की दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन माती व कुजलेले शेणखत भरावे आणि रोप त्यात हलवावे. भिंतीपासून व विशेषतः मोरीपासून आठ-दहा फूट अंतर अवश्य ठेवावे, कारण पाण्याच्या शोधात याची मुळे नळातही शिरतात. गच्चीवर राहणाऱ्या भगिनींनी निराश होऊ नये. तळाशी भोके पाडलेल्या मोठ्या पिंपातही हे झाड समाधानाने राहते.

आता बहराविषयी. पावसाच्या दमट हवेत पिकणारी फळे पाणचट व आंबूस होतात. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत पिकणारी गोड असतात. यावरूनच खट्टा व मीठा बहार ही नावे पडली. घरच्या झाडाने मीठाच बहार धरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाऊस सरताना झाडास पाण्याचा ताण द्यावा, फांद्यांचे शेंडे छाटावे, बुंधा खणून चार पाट्या शेणखत द्यावे व मग पाणी सुरू करावे. नव्या फुटीवर पानाच्या बेचक्यात फळ दिसू लागते. फळे पिकत असताना मात्र एकदम भरपूर पाणी दिल्यास ती उकलतात. छाटताना व तोडताना चिकाने हात खाजतात, म्हणून हातांस तेल लावावे.

पानांवर तांबेरा पडतोच. दहा लिटर पाण्यास शंभर ग्रॅम मोरचूद व शंभर ग्रॅम चुना, असे बोर्डो मिश्रण मातीच्या अथवा प्लास्टिकच्या भांड्यात करावे, लोखंडी भांड्यात कधीही नाही. स्वच्छ खिळा त्यात बुडवून पाहावा. त्यावर तांबूस पुट चढले तर चुना कमी पडला असे समजावे. बुलबुल व वटवाघळे यांच्यापासून फळे राखण्यास कापडी पिशव्या बांधाव्या. एक-दोन फांद्या आम्ही उघड्याच ठेवतो.

इतर झाडांविषयी थोडक्यात. मोरीचे पाणी केळीस द्यावे. पपईची तीन रोपे एकत्र लावून फूल आल्यावर नर ओळखून काढावे. पाणी साचले की ती गेलीच. कागदी लिंबू बियांपासूनही बहुधा मूळ झाडासारखेच येते, परंतु चार-पाच वर्षे दम धरावा लागतो. पेरूविषयी मुलांनाच विचारावे!

आता जे बोलावयाचे ते कार्यकारी मंडळास उद्देशून आहे. आपल्या विद्यार्थी वसतिगृहामागील अंगणास फरशी करून मोटारी ठेवण्याची सोय करावी, अशी सूचना आजच्या सभेपुढे येत आहे. मोटारी ज्यांच्यापाशी आहेत त्यांची अडचण आम्ही जाणतो. परंतु त्या अंगणात खेड्यांतून आलेली चाळीस मुले राहतात. त्यांच्या घरी झाडे आहेत, येथे एकही नाही. मीठा बहार नेमका त्यांच्या परीक्षेच्या दिवसांत येतो. दक्षिणेकडील भिंतीलगत सारा दिवस ऊन असते; तेथे दहा फुटांची पट्टी मातीचीच राखली तर दोन अंजीर, एक लिंबू व कोपऱ्यातील मोरीपाशी केळी सहज मावतील. उरलेल्या जागेत सहा मोटारी उभ्या राहतात. आम्ही स्वतः मोजून पाहिले आहे. आठ उभ्या करावयाच्या असतील तर पट्टी जाते. प्रश्न दोन मोटारींचा आहे. तो सभेने त्याच दृष्टीने विचारात घ्यावा.

आमच्या घरी मुळे धरलेली सात रोपे पिशव्यांतून तयार आहेत. पाच ज्यांस हवी त्यांनी कोणत्याही सकाळी येऊन न्यावी. दोन आम्ही वसतिगृहासाठी राखून ठेवली आहेत.