आवाज न करता मागितलेली मदत



जगणं नकोसं झालेल्या माणसाला मोबाइलवरच्या लेखी संदेशांतून खरंच आधार मिळतो का? माझं उत्तर आहे, मिळतो. तो किती आणि कुठवर पुरतो, हे मात्र नीट पाहायला हवं.

अमेरिकेत २०१३ साली नॅन्सी लुब्लिन यांनी लेखी संदेशांतून आधार देणारी 'क्रायसिस टेक्स्ट लाइन' सुरू केली. तेव्हा लुब्लिन तरुणांना समाजकार्यात ओढणारी एक संस्था चालवत होत्या. तिच्या उपक्रमांबद्दल मोबाइलवर येणाऱ्या संदेशांना उत्तर म्हणून मुलं आपली दुःखं लिहून पाठवत. एका मुलीनं कळवलं, की वडीलच तिच्यावर अत्याचार करतात. अत्याचार करणारा त्याच घरात असताना ती फोनवर बोलणार कशी? लिहिताना आवाज होत नाही, या सेवेचं बळ त्यातच आहे. सगळं कुटुंब एका खोलीत झोपलेलं असतानाही पांघरुणाखालून मदत मागता येते.

पलीकडे असतो सुमारे ३० तासांचं प्रशिक्षण घेतलेला स्वयंसेवक. त्याच्या संभाषणावर पगारी तज्ज्ञांचं लक्ष असतं. तो आधी ऐकून घेतो आणि मग थेट विचारतो, "आत्महत्येचा विचार मनात येतोय का?" असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी आपल्याकडे भीती असते. संशोधन तिला दुजोरा देत नाही. विचारणारं कुणी भेटलं की पुष्कळांना उलट हायसं वाटतं. मग आजची रात्र कशी काढायची, जवळ असलेली धोक्याची वस्तू दूर कशी ठेवायची, घरात कुणाला उठवता येईल, यावर दोघं मिळून विचार करतात.

याचा उपयोग किती होतो? कोलंबिया विद्यापीठाच्या मॅडलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांचा या सेवेवरचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्महत्येचे विचार असलेल्या आणि संभाषणानंतरची प्रश्नावली भरणाऱ्या लोकांपैकी जवळजवळ ९० टक्क्यांनी मदत झाल्याचं सांगितलं. प्रश्नावली भरणाऱ्या याच लोकांपैकी जवळपास निम्म्यांनी ते विचार कमी झाल्याचं नोंदवलं. मला हा दुसरा आकडा मोठा वाटतो. एका अनोळखी माणसानं एवढ्या थोड्या वेळात एवढं करावं, ही लहान गोष्ट नाही. पण हे उत्तर संभाषण संपल्या संपल्या घेतलेलं आहे, आणि बहुतेकांनी प्रश्नावली भरलेलीच नाही. यावरून मृत्यू घटले असं कुणी म्हणू नये.

लिखाणात श्वास ऐकू येत नाही. फोनवर हुंदका कळतो, जड झालेली जीभ कळते. इथे दहा मिनिटं उत्तर आलं नाही, तर लिहिणारी मुलगी झोपली, की खोलीत कुणी आलं, की काही भलतंच घडलं? पलीकडच्याला कोरा पडदा दिसतो. त्या स्वयंसेवकाच्या मनाचीही काळजी घ्यावी लागते, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

शिवाय लिहिलेलं मागे उरतं. पहिले संदेश यंत्र वाचतं आणि ज्याला धोका जास्त, त्याला रांगेत पुढे आणतं. हे मला योग्य वाटतं. परंतु 'क्रायसिस टेक्स्ट लाइन' याच संस्थेनं नावं वगळून संभाषणांची माहिती 'लोरिस' या नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला दिल्याचं जानेवारी २०२२ मध्ये उघड झालं. ग्राहकसेवेची सॉफ्टवेअर बनवणारी ही कंपनी संस्थेतूनच जन्मलेली. टीका झाल्यावर ते थांबवण्यात आलं. नावं वगळली होती, हे समर्थन मला मुळीच पटत नाही. मरणाच्या काठावरचा माणूस लांबलचक अटी वाचून संमती देत नसतो.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' फोनखेरीज ईमेल आणि चॅटवरूनही समुपदेशन करत आली आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' ही फोनवरची मदतसेवा आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक आत्ताच फोनमध्ये जतन करून ठेवा. तिथे मराठीत बोलता येतं. तशी मराठीत लिहिण्याची सोयही गावोगाव पोचायला हवी. आपली मुलं रोमन अक्षरांत, अर्धं इंग्रजी मिसळून मराठी लिहितात. "आता नको वाटतंय सगळं" या वाक्यातला धोका अमेरिकन संदेशांवर शिकलेलं यंत्र कसा ओळखणार? त्यासाठी ही भाषा रोज वाचणारी तरुण माणसं हवीत. त्यांच्या पाठीशी रात्रपाळीला पगारी मानसतज्ज्ञ हवेत. आणि रात्री असं लिहिणाऱ्या मुलीला सकाळी जिथे पाठवायचं, त्या जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाची जागा भरलेली हवी.