उतरत्या पाण्यातले मासे

आजच्या भाषणाचा विषय मासेमारी हा आहे हे ऐकून आपल्यापैकी काहींना थोडे नवल वाटेल. माधवगंजात मासे खाणारी घरे आणि न खाणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून नांदत आली आहेत. त्यामुळे ह्या विषयाचा आपल्याशी संबंध काय, असा प्रश्न निम्म्या श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या तिघऱ्याच्या जलाशयात हे मासे वाढतात, त्याच जलाशयाचे पाणी आपल्या नळाला येते. मासा हा पाण्याचा पहिला साक्षीदार असतो. पाण्याचे काही बिघडले की आपल्या आधी त्याला कळते. म्हणून खाणाऱ्यांनी आणि न खाणाऱ्यांनीही ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

आपल्या ह्या भागात मासेमारीचा हंगाम १६ ऑगस्टला सुरू होतो आणि १५ जूनला संपतो. मधले दोन महिने, म्हणजे १६ जून ते १५ ऑगस्ट, मध्य प्रदेशात नद्यांतील आणि नद्यांशी जोडलेल्या पाण्यांतील मासेमारीस बंदी असते. १९७२ च्या नदीय मत्स्योद्योग नियमांनी ही बंदी घातलेली आहे. ज्या लहान तळ्यांचा कोणत्याही नदीनाल्याशी संबंध नाही, ती तेवढी तीतून वगळली आहेत. आज मला बोलावयाचे आहे ते ह्या हंगामाच्या शेवटच्या टप्प्याविषयी, म्हणजे होळीनंतर पाणी उतरू लागते तेथपासून मृगाच्या आसपास आकाशात ढग दिसू लागेपर्यंतच्या काळाविषयी.

प्रथम आपली पाणी कोणती ते पाहू. शहराच्या पश्चिमेस सांक नदीवर तिघऱ्याचे धरण आहे. शिंदे सरकारच्या काळात ते बांधले गेले आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये पायाखालच्या वालुकाश्मातून पाणी झिरपून फुटले. खालच्या गावांवर त्या वेळी मोठा अनर्थ कोसळला. पुढे ते पुन्हा उभे राहिले. पुण्याजवळ खडकवासल्याला सर विश्वेश्वरय्यांनी जी आपोआप उघडणारी दारे प्रथम बसविली, त्याच पद्धतीची दारे तिघऱ्यालाही बसविण्यात आली. दक्षिणेकडे पार्वती नदीवर हरसीचा जलाशय आहे. तोही संस्थानी काळातलाच. त्यापलीकडे सिंध नदी आणि तिच्यावरील मडीखेड्याचे धरण. शिवपुरीला माधव राष्ट्रीय उद्यानात सख्यासागर आहे, ज्याला २०२२ मध्ये रामसर क्षेत्राचा मान मिळाला. आणि उत्तरेस चंबळ. ह्यांपैकी शेवटच्या दोन ठिकाणी गळ टाकण्याचा विचारही कोणी करू नये. सख्यासागर राष्ट्रीय उद्यानात आहे आणि चंबळेचा आपल्याकडील भाग राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात मोडतो. तेथले मासे घडियालांचे आणि पाणसुसरीच्या सोबतीने राहणाऱ्या गंगेच्या डॉल्फिनांचे अन्न आहेत. मोठा घडियाल जवळजवळ माशांवरच जगतो. त्याच्या त्या लांब, अरुंद जबड्याला दुसरी शिकार पेलत नाही.

आता पाण्याच्या स्थितीकडे वळू. मासा गळाला लागतो की नाही, हे दैवावर सोडून देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. वस्तुतः त्यात दैवापेक्षा उष्णतामापकाचा वाटा अधिक असतो. रोहू, कटला, मृगळ हे आपले मुख्य मासे उबदार पाण्याचे रहिवासी आहेत. पौष-माघात पाणी गारठले की त्यांची भूक मंदावते. ते खोल पाण्यात जवळजवळ निश्चल पडून राहतात. फाल्गुनात ऊन तापू लागले की त्यांच्यात पुन्हा जीव येतो. ते काठाकडे सरकतात, आमिषावर येतात. हौशी गळकऱ्याला वर्षातला हा उत्तम काळ होय.

पण वैशाख लागला की चित्र पालटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो हे मी आपल्याला सांगावयास नको. पाणी जसजसे तापते तसतशी प्राणवायू धरून ठेवण्याची त्याची शक्ती कमी होते. २० अंश तपमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तेच पाणी ३० अंशांवर गेले की साडेसात मिलिग्रॅमच मावतो. गंमत अशी की, उष्णतेने माशाच्या शरीराचे व्यापार वाढतात, त्यामुळे त्याला प्राणवायू लागतो अधिक आणि मिळतो कमी. त्यातून पाणी आटून मासे दाटीने राहू लागलेले असतात. पाणवनस्पतींनी भरलेल्या तळ्यात तर रात्रभर मासे आणि वनस्पती दोन्ही प्राणवायू खर्च करीत असतात. म्हणून पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करताना दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, मासे खेळताहेत. खरे म्हणजे ते गुदमरत असतात. अशा तळ्यावर पहाटे गळ टाकून बसण्यात अर्थ नाही. ऊन वर आल्यावर वनस्पती पुन्हा प्राणवायू सोडू लागतात, तेव्हाच माशाला खाण्याची शुद्ध येते. मोठ्या, मोकळ्या जलाशयावर मात्र उलट आहे. तेथे वारा पाणी ढवळत असतो, म्हणून पहाट आणि सायंकाळ हीच वेळ चांगली. दुपारी मासा वरच्या तापलेल्या थरातून खाली उतरतो, पण अगदी तळाशीही जात नाही, कारण तेथे कुजणाऱ्या गाळाने प्राणवायू संपविलेला असतो. तो मधल्या थरात असतो आणि गळाची दोरी तितकीच सोडावी लागते.

नद्यांची गोष्ट निराळी. सिंध आणि पार्वती ह्या नद्या ज्येष्ठापर्यंत ठिकठिकाणी तुटतात. वाहता प्रवाह संपतो आणि उरतात ते डोह. वर्षभर मैलोन्‌मैल पसरलेले मासे ह्या डोहांत येऊन कोंडतात. रोहू, मृगळ, वाम, शिंगाळा, मरळ असे सगळे एकाच आश्रयाला आलेले असतात. ह्या वेळी मासे धरणे सोपे असते. इतके सोपे की, त्याला कौशल्य म्हणणेही जड जाते. आणि श्रोतेहो, नेमका येथेच आजच्या विषयाचा गाभा आहे.

ज्येष्ठातल्या डोहात सापडणारा मोठा मासा हा नुसता मासा नसतो. तो पुढच्या वर्षाचा बाप किंवा आई असतो. रोहू साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वयात येतो. मादीच्या पोटात वजनाच्या दर किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. ही अंडी वैशाख-ज्येष्ठातच पक्व होत असतात. परंतु रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना पुराचे नवे, गढूळ, वाहते पाणी लागते. आपल्याकडे पाऊस साधारणतः जूनच्या अखेरीस येतो. पहिला लोंढा आला की हे मासे प्रवाहाच्या विरुद्ध वर चढतात आणि उथळ पसरलेल्या पाण्यात अंडी टाकतात. उबदार पाण्यात ती वीस तासांच्या आत फुटतात. कोकणात आणि घाटावर ज्यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात, ते हेच दृश्य. रात्री कंदील घेऊन त्यांना धरण्याच्या आठवणी दक्षिणेकडून आलेल्या घरांत अजून सांगितल्या जातात. त्या आठवणी रम्य आहेत खऱ्या. पण चढणीचा मासा अंडी घालण्यापूर्वी धरणे म्हणजे पेरणीला काढलेले बियाणे दळून खाण्यासारखे आहे.

बियाण्याचा हा दाखला शब्दशः खरा आहे. एके काळी तळ्यांत सोडावयाचे मत्स्यबीज पुराच्या वेळी नद्यांतूनच गोळा करावे लागे. पुढे १९५७ मध्ये ओरिसात अंगुळ येथे हीरालाल चौधुरी ह्या शास्त्रज्ञाने पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे टोचण देऊन ह्या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालावयास लावले. त्या यशाची आठवण म्हणून १० जुलै हा दिवस आज मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्यानंतरच्याच वर्षी मध्य प्रदेशात छतरपूर जिल्ह्यात नौगावजवळ सोनार तलैया येथे कोरड्या बांधाचा प्रयोग झाला. पावसाळ्यात भरणाऱ्या उथळ बांधात पुरासारखी परिस्थिती निर्माण करून मासे विणण्याची ती युक्ती होती. म्हणजे ह्या शोधात आपल्या प्रांताचाही वाटा आहे. आज जलाशयांत सोडले जाणारे बीज बहुतांशी केंद्रांत तयार होते. परंतु नदीला असा पुरवठा करणारा कोणी नसतो. नदीचे बियाणे नदीच्या डोहातच असते.

हे संरक्षण काही आजच्या सरकारची नवी कल्पना नव्हे. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात वर्षातील ठराविक तिथींना मासे मारण्यास व विकण्यास मनाई केलेली आढळते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात मत्स्यविनोद हे प्रकरण असून गळ, दोरी आणि आमिष ह्यांचे बारकाईने वर्णन आहे. राजाचा विनोद झाला तरी त्यात माशाची ओळख आणि धीर ह्यांना महत्त्व होते. समुद्रकाठचा कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात लोटीत नसे, आणि आपली बंदीही त्याच सुमारास उठते. शास्त्र आणि रूढी येथे एकाच मुक्कामाला पोचली आहेत.

दुर्दैवाने आज डोहांत जे चालते त्यात ना शास्त्र आहे ना रूढी. सुरुंगाची दारू, विरंजक चूर्णासारखी विषे, विजेची तार, ह्यांनी एका रात्रीत डोहाचा डोह पांढरा पडतो. मोठ्याबरोबर बोटाएवढे पिलूही मरते. सुरुंग आणि विष ह्यांना १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. पण सव्वाशे वर्षांचा कायदाही अंधाऱ्या रात्री नदीकाठी उभा राहू शकत नाही. वाळूचा उपसा हे दुसरे संकट. वाळू गेली की डोहाचा तळ आणि काठ दोन्ही जातात आणि मासा उन्हाळा काढणार कोठे, हा प्रश्न उरतो.

येथे आणखी एक बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. ह्या पाण्यांवर जगणारे ढीमर, केवट, कहार हे लोक श्रीमंत नव्हेत. हेच लोक तळ्यात शिंगाडे लावतात आणि उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबूज, काकडी पिकवितात. बंदीचे दोन महिने म्हणजे त्यांच्या चुलीचे दोन महिने. सरकारच्या बचत-नि-साहाय्य योजनेत मच्छीमाराने दीड हजार रुपये साठवावयाचे, सरकारने तीन हजार घालावयाचे आणि मिळून साडेचार हजार रुपये कमाई नसलेल्या तीन महिन्यांत त्याला परत मिळावयाचे अशी सोय आहे. महिन्याला दीड हजार रुपयांत कुटुंब कसे चालते, ह्याचा हिशेब आपण प्रत्येकाने मनाशी करून पाहावा. ज्याच्याकडून आपण संयमाची अपेक्षा करतो त्याचे पोट भरण्याची जबाबदारी समाजाने अर्धवट घेऊन चालणार नाही. उपाशी माणसाला पुढच्या वर्षाची गोष्ट सांगणे सोपे आहे. त्याला ती परवडेल असे करणे हे खरे काम आहे.

मग आपण काय करावे? हौशी गळकऱ्यांना माझी विनंती अशी की, गळ टाकण्यापूर्वी त्या पाण्याचा ठेका ज्या पंचायतीच्या किंवा सहकारी संस्थेच्या अखत्यारीत असेल तिची परवानगी घ्यावी. मेच्या मध्यानंतर नदीच्या डोहात गळ टाकूच नये. मोठ्या जलाशयावर बसावयाचे असेल तर पोट फुगलेली मादी लागल्यास ओल्या हाताने गळ काढून तिला सोडून द्यावी. कोरड्या हाताने धरले की तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखमेत रोग शिरतो. जाळेवाल्यांनी जाळ्याची आस मोठी ठेवावी, म्हणजे एकदाही न व्यालेला मासा निसटून जाईल. आणि बाजारात जाणाऱ्या गृहिणींनी आषाढात अंड्याने भरलेला नदीचा मासा कोणी कौतुकाने पुढे केला तर तो घेऊ नये. त्या दिवसांत तळ्यात पाळलेला मासा मिळतोच. गिऱ्हाईक नसले की चोरटी जाळीही सुकत पडतात. पोलिसाच्या शिट्टीपेक्षा गिऱ्हाइकाचा नकार अधिक दूर ऐकू जातो.

जे मासे खात नाहीत त्यांच्याकडूनही अपेक्षा आहे. उन्हाळ्यात एखाद्या तळ्यावर मेलेले मासे तरंगताना दिसले तर नाक दाबून पुढे जाऊ नये. नगरपालिकेला किंवा मत्स्य विभागाला ताबडतोब कळवावे. ते पाणी कोणत्या ना कोणत्या वाटेने माणसापर्यंत पोचणारच असते.

येत्या काही आठवड्यांत सिंधेचे डोह आणखी उतरतील. तिघऱ्याच्या काठावर गाळाची भेगाळलेली पट्टी रुंदावेल. त्या थोड्याशा पाण्यात पुढच्या वर्षीची नदी श्वास रोखून वाट पाहत असेल. तिला पहिल्या लोंढ्यापर्यंत पोचू देणे, एवढेच आपल्या हाती आहे आणि तेवढे पुरेसेही आहे.