गळ्यावरचे टाके

आज बचत गटाचा हिशेब बाजूला ठेवून गळ्याबद्दल बोलू या.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना गलगंड होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तरी त्यांनी दोन वर्षं काढली. का? तर "गळ्यावर वण राहील, चारचौघीत दिसेल." गाठ पदराआड वाढत राहिली. घास गिळताना अडकायला लागला, तेव्हा कुठे त्या तयार झाल्या. मी सोबत गेले आणि डॉक्टरांना सरळ विचारलं, "टाके कसे घालणार?" त्यांनी समजावलं ते तुम्हालाही सांगते.

थायरॉईडचा छेद गळ्याच्या खालच्या भागात आडवा घेतात, शक्यतो कातडीच्या घडीतच. म्हणजे वण घडीत लपतो. आतला स्नायूंचा थर विरघळणाऱ्या दोऱ्याने शिवतात. ते झालं अस्तर. प्रश्न असतो वरच्या कातडीचा, आणि ती जोडायच्या मुख्य रीती चार.

पहिली, वरून घातलेले साधे टाके. ते काढावे लागतात. गळ्याला रक्तपुरवठा चांगला, त्यामुळे पोटावरच्या टाक्यांपेक्षा हे लवकर निघतात. दुसरी, धातूच्या पिना. त्या झटपट बसतात, पण त्याही काढाव्या लागतात आणि काढताना टोचतं. तिसरी, कातडीच्या आतून घातलेला विरघळणारा टाका. साडीला फॉल लावतो ना, तसा तो वरून दिसत नाही, आणि काढायलाही लागत नाही. चौथी, कातडी चिकटवणारं औषध. त्याची पापडी आठ-दहा दिवसांत आपोआप सुटते. ती नखाने ओढायची नाही, त्यावर तेल-मलम लावायचं नाही.

मग वण कशाने कमी राहतो? काही महिन्यांनी पाहिलं तर या रीतींमध्ये फारसा फरक उरत नाही. आमच्या जाऊबाईंना विरघळणारा टाका होता, गटातल्या एकीला पिना होत्या. आज दोघी शेजारी बसल्या तर कोणाचं काय ते मला ओळखता येत नाही. फरक पडतो तो येण्या-जाण्यात. टाके काढायला पुन्हा एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. म्हणून आधीच विचारा, "न काढायचे टाके घालता येतील का? त्याचा खर्च वेगळा पडेल का?" पूर्वी कुठल्या जखमेचा वण फुगून जाड झाला असेल, तर तेही आवर्जून सांगा.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. धोका वरच्या टाक्यात नसतो, आत असतो. शंभरात एखाद-दुसरीच्या गळ्यात ऑपरेशननंतर रक्त साचतं, बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांत. गळा फुगला, आवळल्यासारखा झाला, श्वास लागला, तर क्षणभरही न थांबता नर्सला हाक मारा. अशा वेळी खाटेवरच टाके उघडावे लागतात, तेव्हा वणाचा विचार करायचा नाही. म्हणून "घरी गुरं आहेत, लवकर सोडा" असा हट्ट धरू नका. तोंडाभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तरी सांगा, कॅल्शियम कमी झालेलं असू शकतं.

घरी आल्यावर जखमेवर हळद, राख, चुना काही लावू नका. मंगळसूत्र, पोत जखम भरेपर्यंत काढून ठेवा. त्याने कुणाचं काही वाईट होत नाही. शेतात जाताना गळा रुमालाने झाका. उन्हाने कोवळा वण काळा पडतो. वण आधी लालसर दिसतो, फिका व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं. धीर धरा.

जाऊबाई परवा हळदीकुंकवाला आल्या होत्या, पदर खांद्यावर सरळ घेऊन. म्हणाल्या, "दोन वर्षं उगीच घाबरले गं." तुमच्या वाडीवर कुणी गाठ पदराआड झाकून बसली असेल, तर तिला त्यांचं हे वाक्य सांगा, आणि दवाखान्यात तिच्यासोबत जा.